कणगी आणि हनीफचाचा

महंमद हनीफ, म्हणजे आमचे हनीफचाचा, जुन्नरचे. जुनी कौलं उतरवून पत्रे बसवायचं काम करतात. पण त्याच्या आदल्या दिवशी नुसतं बोलायला येतात. तळेघरला आमच्याकडे आले तेव्हा एसटी चुकल्यामुळे शेवटचे चार किलोमीटर पायीच. बासष्ट वर्षांचा माणूस, गुडघे कुरकुरणारे. मला वाटलं, यांना छपरावर आम्हालाच चढवावं लागणार.

ओट्यावर चहा पीत त्यांनी सगळं सांगितलं. कौलं निघताना चाळीस वर्षांची काजळी खाली येणार, तेव्हा स्वयंपाक शेजारी करा. टीव्ही गोधडीत गुंडाळा, देव दुसरीकडे न्या, जनावरं लांब बांधा. अंगणात आठवडाभर चपला घालून फिरा, कितीही वेचले तरी एखादा खिळा राहतोच. पहिल्या रात्री उघड्यावर झोपायचं, दुसऱ्या संध्याकाळी डोक्यावर पत्रा. शेवटी विचारलं, "माळ्यावर काय हाय?"

"काय नाय," मी आणि सासरे रखमाजी एकदमच बोललो.

खोटं बोलायचा हेतू नव्हता. माळ्यावर बियाण्याचा भात साठवायची मोठी बांबूची कणगी होती, पण ती आजेसासऱ्यांनी वरच विणून घेतलेली. शिडीच्या भोकातून ती खाली येऊच शकत नाही. आमच्या लेखी ती वस्तू नव्हतीच, घराची भिंत असावी तशी होती. भिंत काय कोणी सांगत बसतं?

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाचा आणि त्यांचा जोडीदार भागू यांनी कौलं, रिपा, वासे सगळं उतरवलं. आणि मग चाचांना कणगी दिसली. कमरेवर हात ठेवून ते नुसते बघत राहिले. मी सांगितलं, या वासाच्या भाताचं बी पंचक्रोशीत आता फक्त आमच्याकडं आहे.

"ताई, हे काल सांगायचं व्हतं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, तरी मला झोंबलं.

पोत्यांत भरून खाली घेऊ म्हणाले, तर सासरे आडवे आले. कणगीचं तोंड शेणानं लिंपलेलं असतं आणि ते पेरणीच्या दिवशीच फोडतात. आमच्याकडे ते कधी आधी फुटलेलं नाही. मला सासऱ्यांचा असा राग आला की सांगता सोय नाही. चाचांनी मात्र वाद घातला नाही. "मंग झाकू," म्हणाले.

तीनला वळीव आला. ताडपत्री बांधली होती ती वाऱ्यानं फाडून नेली. चाचांनी दोन नवे पत्रे कणगीवर आडवे टाकले आणि स्वतः त्यांवर पालथे पडले. दुसऱ्या बाजूला भागू. मी पदर खोचून वर गेले आणि एक कोपरा धरला. अर्धा तास पाऊस आमच्या पाठीवर पडत होता आणि खाली अंगणात सासरे हात जोडून उभे होते.

दुसऱ्या संध्याकाळी पत्रा बसला, सांगितल्याप्रमाणे. पण कणगीची एक बाजू हाताला ओलसर लागत होती. सासऱ्यांनी बराच वेळ तिच्याकडे बघितलं आणि स्वतःच म्हणाले, "फोड, अंजना."

आतला भात वर कोरडा होता. पण ओल्या बाजूनं पाणी आत कुठवर गेलं ते सांगता येईना. तिथले शंभर दाणे मोजून मी भिजवले आणि ओल्या फडक्यात बांधले. ते रुजले तरच यंदा आमच्या खाचरात तो भात दिसणार होता.

चाचा जुन्नरला गेले. रोज सकाळी फोन यायचा, "काय दिसतंय?" मी सांगायचे, काही नाही. तिसऱ्या दिवशीही काही नाही. सासरे तर माझ्याकडे बघायचंही टाळत.

चौथ्या सकाळी फडकं सोडलं. पांढरे, बारीक कोंब. मी दोनदा मोजले. ब्याण्णव. मग चाचांच्या फोनची वाट न बघता मीच लावला.

"चाचा, रुजलं."

"बरं झालं, ताई," ते म्हणाले. "मला वाटत व्हतं, तुमच्या घराला छप्पर दिलं आन् शेत काढून घेतलं."

मी फोन सासऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला.

"हनीफभाई," ते म्हणाले, "पेरणीला या."