सातवा घाणा

कारखान्यात सगळे त्यांना अर्धेमामा म्हणत, आणि त्यात चेष्टा असली तरी खोटं काही नव्हतं. नवा साबण पास करायच्या दिवशी नऊच्या सुमाराला हा माणूस आवारात फिरताना दिसायचा. डावा गाल तुळतुळीत, उजव्या गालावर दोन दिवसांचे पांढरे खुंट, गळ्यात टॉवेल, हातात चहाचा कप. नव्या माणसाला वाटे, न्हाव्याशी भांडून हे खुर्चीतून मधेच उठून आलेत.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांबट शेड. एका टोकाला अंगाच्या साबणाची मोठी यंत्रं धडधडत असत. दुसऱ्या टोकाला एक कढई, दोन लाकडी साचे आणि भिंतभर फळ्या. या शांत टोकाला फक्त दाढीचा साबण व्हायचा, वाटीत बसेल अशी गोल वडी. एका वेळी कढईतून उतरलेल्या साबणाला तिथे घाणा म्हणत. तीन आठवड्यांनी एक घाणा. तो फळीवर सुकला की मामांनी त्यानं दाढी करायची आणि हो किंवा नाही म्हणायचं. त्यांनी हो म्हटल्याशिवाय एक वडी कागदात गुंडाळली जात नसे.

ही रीत थोरल्या मालकांनी घालून दिलेली. "वडी नाकाला लावून हुंगतो तो गाढव," ते म्हणत. "थंड साबण तोंड उघडत नाही. गरम पाण्यात फेस कर, गालावर चढव, मग बघ कसा बोलायला लागतो." तेल जरा खवट असलं तरी थंड वडीत ते सुगंधाच्या मागे दडून बसतं, फेसाबरोबर वर येतं. म्हणून डाव्या गालाला जुना, पास झालेला घाणा, आणि उजव्या गालाला नवा. मधे पंधरा मिनिटं नाकाला विसावा. मामा त्या विसाव्यात चहा पीत.

थोरले मालक गेले, त्यांची मुलगी खुर्चीवर बसली. प्लॅस्टिकच्या रेझरांनी आणि डब्यातल्या आयत्या फेसानं बाजार भरला. तरी मामांचा वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर तसाच फिरत राहिला, पाठ आधी, धार मागून, आठ वेळा. पुढचं काम ते घाई न करता करत. ब्रश गरम पाण्यात भिजवून एकदाच झटकायचा. वडीवर गोल गोल फिरवायचा, दाबायचा नाही. फेस आधी मोठ्या बुडबुड्यांचा, पोकळ, येतो; मग आवाज बदलतो, घट्ट होतो, सायीसारखा वाटीच्या कडेला चिकटतो. तो गालावर चढला की मामा डोळे मिटत. त्या अर्ध्या मिनिटात त्यांना काही नको असे. बायको म्हणायची, "लग्नात माझ्याकडे बघून एवढे खूश झाला नव्हतात." मामा म्हणत, "तू कुठे एवढी गरम होतीस तेव्हा? आता असतेस."

मग त्यांना ताप आला. आठ दिवस अंथरुणात गेले. नवव्या दिवशी ते कामावर आले, वर्षातला पहिला घाणा तयार होता, त्यांनी फेस केला आणि गालावर चढवला. काहीच आलं नाही. ऊब आली, ओलावा आला, केसांची टोकं मऊ पडली. वास आला नाही.

ते तसेच, तोंडाला फेस फासलेले, कढईवाल्याकडे गेले. कढईवाला चाळिशीचा, आडव्या बांध्याचा, अकरा वर्षं त्याच कढईपाशी उभा.

"सुगंध घालायला विसरलास?"

"मी?" कढईवाल्यानं एक वडी उचलून त्यांच्या नाकाखाली धरली. "मामा, सगळी शेड घमघमतेय. यंत्रावरचे लोक मघाशी विचारत होते, आज काय कुणाचं लग्न आहे का म्हणून."

मामा वडीकडे बघत राहिले. पांढरी, गुळगुळीत, आणि त्यांच्यापुरती मुकी.

"बरं, बरं," ते म्हणाले. "बघत होतो, तुझं लक्ष असतं की नाही."

कढईवाला हसला. थाप जमून गेली, त्याच भरवशावर घाणाही पास झाला, आणि सगळं इतक्या सहज जमलं की मामांनाच आतून गार वाटलं.

डॉक्टर म्हणाले, वास परत येईल कदाचित, कदाचित येणारही नाही. घरी एके दिवशी मामा ओट्याशेजारी बसून पेपर वाचत होते आणि शेजारी दूध करपून पातेल्याला कोळसा धरला होता. बायको बाहेरून धावत आली.

"अहो, घराला आग लागली तर ती पण पेपरात वाचणार का?"

तेव्हा त्यांनी तिला सांगितलं. ती पातेलं घासता घासता थांबली.

"मालकीणबाईंना सांगून टाका."

"आणि मग? नाक नसलेल्याला तिथे ठेवून काय करणार? साच्यांवरची धूळ पुसायला?"

"मग काय करणार आहात?"

पुढच्या घाण्याला मामांनी दाढी केली, कढईवाल्याला "उद्या सांगतो" म्हटलं आणि वडीचा एक तुकडा कागदात गुंडाळून घरी आणला. वाटीत गरम पाणी घेतलं, फेस केला आणि बायकोसमोर धरला.

"माझं नाक आता भाड्यानं द्यायचं का?" ती म्हणाली. पण तिनं वाकून वास घेतला. "छान आहे."

"खवट नाही ना? नीट बघ. शेंगदाण्याचा जुना डबा उघडल्यावर येतो तसा?"

"नाही हो. छान आहे म्हटलं ना."

असे सहाव्यापर्यंतचे घाणे गेले. फेसाचा दाट-पातळपणा मामा हातानं ओळखत होते, कोरडेपणा कातडीनं, वस्तऱ्याखालचा निसरडेपणा कानानं. खरं तर पूर्वीपेक्षा जास्त बारकाईनं. धार केसाला लागली की होणारी ती बारीक खरखर, हनुवटीपाशी तिचा बदलणारा सूर, हे तीस वर्षांत त्यांनी कधी एवढं ऐकलं नव्हतं. त्यात एक विचित्र सुख होतं, आणि त्या सुखाची त्यांना लाज वाटे. दार बंद झालेल्या खोलीत माणूस उरलेल्या खिडक्यांशी जास्त वेळ उभा राहतो, तसं ते होतं.

सातव्या घाण्याचा तुकडा घेऊन ते घरी आले तेव्हा बायको चपला घालून दारात उभी होती. तिच्या बहिणीला दवाखान्यात नेलं होतं.

"एक मिनिट थांब. पाणी तापवतो."

"आत्ता? अहो, रिक्षा उभी आहे."

त्यांनी कागद उलगडला. तिनं उभ्या उभ्या तुकडा नाकाशी नेला. थंड तुकडा.

"छान आहे. सोडा मला."

ती गेली. मामा दारात तुकडा धरून उभे होते. थंड साबण तोंड उघडत नाही, हे त्यांच्याइतकं त्या गावात कुणालाच माहीत नव्हतं. ती परत येईपर्यंत थांबता आलं असतं. पण कढईवाल्याला "उद्या" म्हणून सांगितलं होतं, ती त्या रात्री परतली नाही, आणि "अजून का नाही" या प्रश्नाची त्यांना भीती वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हो म्हटलं.

दोन आठवड्यांनी एका सलूनमधून वड्यांचं खोकं परत आलं, सोबत चिठ्ठी. लिहिलं होतं की साबणाला जुन्या तेलाचा वास येतो, आणि नेहमीचं एक गिऱ्हाईक तोंडावरचा फेस पुसून खुर्चीतून उठून गेलं.

मालकीणबाई खोकं घेऊन स्वतः शेडमध्ये आल्या. त्या मोठ्यानं बोलत नसत. तेच वाईट असे. "मामा, तुम्ही पास केलेल्या घाण्यात हे होणं शक्य नाही," त्या म्हणाल्या. "नमुना पहिल्या साच्यातून घेता ना? मग दुसऱ्या साच्यात वेगळं तेल गेलंय. चांगलं तेल कुठे गेलं, ते कुणाला तरी सांगावं लागेल." त्या बोलल्या मामांशी आणि बघत होत्या कढईवाल्याकडे. "उद्या सकाळी माझ्यासमोर दाढी करा. कपाटातला नमुना एका गालाला, ही परत आलेली दुसऱ्या."

कढईवाला तोंडातल्या तोंडात म्हणाला, "मामा बघतीलच."

प्रत्येक घाण्याच्या दोन वड्या मामांच्या कपाटात असत, पाठीवर खिळ्यानं आकडा कोरलेल्या. चावी मामांकडे. त्या दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं. सातव्या घाण्याच्या वड्या मागे ढकलल्या. सहाव्यातली एक घेतली, ओल्या अंगठ्यानं तिच्या पाठीवरचा आकडा घासून सपाट केला आणि त्या जागी सात कोरला. आकडा जुन्याइतकाच रेखीव उतरला. त्यांनी कपाट लावलं.

सकाळी मालकीणबाई स्टुलावर बसल्या. कढईवाला दाराच्या चौकटीला टेकून उभा, खांद्यावरचं फडकं हातात पिळत. मामांनी पट्ट्यावर वस्तरा फिरवला, ब्रश भिजवला, नमुन्याचा फेस केला. बाईंनी वाटीवर वाकून वास घेतला.

"चांगला आहे."

मामांनी डावा गाल केला.

"आज चहा नको," बाई म्हणाल्या. "दुसरा घ्या."

दुसऱ्या वाटीत फेस चढू लागला. ब्रशखाली तो तितकाच दाट, तितकाच पांढरा होता. मामांनी खाली बघितलं: दोन वाट्या, दोन सारखे ढग. बाईंनी मान पुढे केली आणि झटकन मागे घेतली, रुमाल नाकाशी नेला. दारातून कढईवाल्यानंही नाक मुरडलं. मामांनी ब्रश गालावर नेला, कारण हात नेहमी तेच करत आला होता.

"म्हणजे ठरलं," बाई म्हणाल्या. "पहिला साचा चांगला, दुसरा नासका. काय घातलंस रे त्यात?"

"एकाच पिंपाचं तेल, बाई. दोन्ही साच्यांत." कढईवाला पुढे आला. "खरं सांगू का, ढवळतानाच मला जरा वाटलं होतं. पिंप भट्टीच्या फार जवळ राहिलं होतं. पण मामांनी पास केला. मग मी माझ्या नाकाला म्हटलं, तू कोण मोठा लागून गेलास. अकरा वर्षांत मामा एकदा चुकले नाहीत."

"तेच म्हणतेय मी. मामा चुकत नाहीत. मग त्यांचा नमुना चांगला कसा?"

"ते मला काय माहीत? मामा सांगतील." आणि तो मामांकडे वळला. त्याच्या तोंडावर शंका नव्हती. वडील माणूस आता दोन शब्द बोलेल आणि सगळं नीट होईल, अशा भरवशानं तो बघत होता. "सांगा ना, मामा."

मामांच्या उजव्या गालावर फेस सुकत आला होता. कातडी ओढल्यासारखी होत होती. बोललं नाही तरी चाललं असतं. मान नुसती हलवली तरी पुरे होती. आरशात त्यांना तो दिसत होता, फडकं हातात, अजून वाट बघत.

त्यांनी वस्तरा मिटला.

"डावीकडची वडी सातव्या घाण्याची नाही," ते म्हणाले. "सहाव्याची आहे. काल मी आकडा बदलला. सातव्याच्या दोन्ही कपाटात मागे आहेत, त्यांनाही हाच वास असेल. असेल म्हणतो, कारण मला येत नाही. ताप आला तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही."

यंत्रांच्या टोकाकडून धडधड येत होती. बाईंनी रुमाल खाली घेतला.

"ताप केव्हा आला होता तुम्हाला?"

"पाच महिने झाले."

"आणि हे सात घाणे?"

"पहिला तसाच सोडला. पुढचे बायकोला वास घ्यायला देत होतो."

"म्हणजे पाच महिने आमचा माल तुमच्या बायकोनं पास केला?"

दुसऱ्या कुठल्या दिवशी या वाक्यावर कढईवाला पोट धरून हसला असता. आता तो मामांच्या अगदी जवळ आला.

"मी गेलो असतो," तो म्हणाला. "चोर म्हणून गेलो असतो. आणि तुम्ही ते बघत उभे राहिला असतात, गालाला साबण लावून."

"बोललो ना मी."

"आत्ता! आणि काल कपाटाशी उभे होतात तेव्हा?" त्याचा आवाज फाटला. "माझं नाक सांगत होतं, मामा. मी त्याला गप्प बसवलं. तुमच्यासाठी."

मामांनी टॉवेलनं उजवा गाल पुसला.

"चावी ठेवा इथे," बाई म्हणाल्या. त्यांनी ती उचलून कढईवाल्याकडे दिली. "सहावा चांगला आहे, तो मी आत्ता बघितला. पहिले पाच काढ. एकेकाचा फेस कर आणि सांग. मामा, पाणी गरम ठेवा."

कढईवाल्यानं वड्या ओळीनं मांडल्या. ब्रश त्याच्या हातात झाडूसारखा दिसत होता. मामांनी पहिल्या वाटीत पाणी ओतलं. त्यानं खसाखसा ब्रश घासला, बुडबुडे काठावरून बाहेर आले.

"दाबू नकोस. नुसता फिरव," मामांच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही गप्प बसा."

मामा किटली घेऊन मागे सरले. कढईवाल्यानं वाटीत जवळजवळ नाकच बुडवलं. "हा बरा आहे," तो बाईंना म्हणाला, मामांना नाही.

दुसऱ्या वडीला मामांनी पाणी कमी घातलं, मापात. यावेळी फेस जरा घट्ट आला. त्यांना तो आवाजावरून कळला. कढईवाल्यानं वाटी नाकाशी नेली, खाली ठेवली, दाराशी जाऊन बाहेरची हवा घेतली आणि परत येऊन पुन्हा नाकाशी नेली. मामा किटली धरून उभे होते. तिचा कान हाताला चटके देत होता आणि ती खाली ठेवायचं त्यांना सुचत नव्हतं.

"बाई," कढईवाला म्हणाला, "हा जरा तुम्हीही बघा."