लंकेच्या वाटेचं बोचकं
आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांची विधवा बहीण, रामेश्वर करून पुढे लंकेला जायच्या होत्या. गल्लीतल्या कथेकरी बुवांनी मंडळी जमवली होती. त्यांची अट एकच, ज्याचं ओझं त्यानंच वाहायचं. आदल्या दिवशी ते घरोघरी येऊन पाहत. बोचकं डोक्यावर घेऊन अंगणाला फेरा मारला तर चला, नाही तर बसा घरी. आणि मंडळीतल्या आत्याबाईंच्या जागेवर टपलेली शेजारीण आमच्याच ओट्यावर येऊन बसलेली!

बोचकं भरायचं माझ्याकडे. मी आपली पातळ लुगडी घालते, तर त्या वरून धाबळी ठेवतात. धाबळी लोकरीची, बरं का, सोवळ्यात स्वयंपाक करताना नेसायची.

"आत्याबाई, तिथं भारी उकाडा असते म्हणतात. लोकर काहून?"

"नागपूरच्या उन्हात शिजलेली बाई मी. मले काय लंकेचं ऊन सांगून राहिली वं?"

मग पितळी तपेली, पोळपाट, कणीक. नवरा गेल्यापासून त्यांनी दुसऱ्याच्या हातचा घास खाल्ला नव्हता, मग काय काढायचं? गाठ मारताना मला गुडघा रोवावा लागला.

बुवा आले. "कोणी हात लावायचा नाही," म्हणाले.

आत्याबाईंनी बोचकं कसंबसं डोक्यावर घेतलं. विहिरीपर्यंत गेल्या. मान लटपटली, गुडघा वाकला, अन् बोचकं धप्पकन खाली.

"जाऊ द्या हो आत्याबाई," शेजारीण लगेच उठलीच, "देव काय घरी पावत नाही?"

बुवा खाली पाहू लागले. आत्याबाई तिथंच फतकल मारून बसल्या, गाठ सोडली. धाबळी काढली. तपेली काढली. पोळपाट, कणीक, सगळं बाहेर.

सासूबाई धावल्या. "अहो वन्सं, हे काय करून राहिल्या? खाणार काय तिथं?"

"मंडळी खाईल ते."

"आमच्यात सोवळंओवळं नाही हो," बुवा चाचरत म्हणाले. "कोणीही रांधतं, सगळे खातात."

"मी विचारलं का तुम्हाले?"

आत्याबाईंनी बोचकं पुन्हा उचललं, फेरा पुरा केला, घामानं निथळत माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"पाणी दे."

माझ्या हातचं पाणी त्या कधी पीत नसत. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी तोंड फिरवलं.

"देते का वं, का तेही लंकेत जाऊनच पिऊ?"

मी दिलं.