ओढ आणि सोड

शेजारीण तलावाच्या गाळात गळ्यापर्यंत गेली तेव्हा तिच्या कमरेचा दोर माझ्या हातात नव्हता. तो मीच सोडला होता.

हा तलाव छत्तीसगढातल्या आमच्या पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, भनपुरीच्या अलीकडे. मागच्या बाजूला नवी कॉलनी झाली, तिची नाली तलावात आली आणि त्या घाणीवर जलकुंभी, म्हणजे जलपर्णी, माजली. पाणी दिसेनासं झालं. अर्ज देऊन झाले. मग आम्ही पाच बायांनी ठरवलं, दर रविवारी सकाळी आपणच उपटायची.

एकीनं कमरेला दोर बांधून पाण्यात उतरायचं, दुसरीनं पायऱ्यांवर बसून तो धरायचा. बाकीच्या तिघी उपटलेली जलकुंभी बांबूनं काठावर घ्यायच्या. पाय रुतला की पाण्यातली "ओढ" म्हणेल, पुढे जायचं असेल तर "सोड". हे मराठी शब्द मी ठरवले. शेजारीण छत्तीसगढी, तिला हे शब्द शिकावे लागले. पण दोर माझ्या घरचा होता, म्हणून शब्दही माझे चालले. माझ्या उजव्या कानाला ऐकू येत नाही, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी मी पाण्याकडे उजवी बाजू करून बसले होते. ती ओरडली, "दीदी, ओढ!" मला "सोड" ऐकू आलं. मी सोडला. ती पुन्हा ओरडली. मी चिडून म्हटलं, "सोडून तं राहिली व, आणखी किती सोडू!" आणि दोराचं टोकही जाऊ दिलं.

"अवं, ते बुडून राहिली! काहून सोडलं तुनं?" मागून एकजण किंचाळली. तिघींनी बांबू पाण्यात लोटला. तो शेजारणीच्या हाताला लागला. आम्ही चौघींनी ओढलं. ती वर आली तेव्हा लुगडं गाळातच राहिलं होतं आणि अंग काळं झालं होतं. पायरीवर बसून ती आधी ओकली, मग मला म्हणाली, "तोर कान कहाँ गे रिहिस, दीदी?"

"उजवा बंद हाय," मी म्हटलं.

"त पहिली काबर नइ बताए?"

आधी का सांगितलं नाही, असं ती विचारत होती. बहिरी म्हणतील म्हणून सांगितलं नाही, एवढंच.

तिच्या मुलानं तिला बजावलं, "माँ, अब तालाब में पैर नहीं रखना." माझ्या पोट्टीनंही मला हिंदीतच तेच सांगितलं. पुढचे दोन रविवार कोणी गेलं नाही. उपटून मोकळी केलेली जागा पुन्हा हिरवी झाली.

तिसऱ्या रविवारी ती माझ्या दारात उभी राहिली. गाळातून काढलेला दोर तिनं धुऊन गुंडाळून आणला होता.

"चल. अब 'तीर' अउ 'छोड़' कहिबो. तोर ओढ-सोड ला अपन घर म राख."

छत्तीसगढीत तीर म्हणजे ओढ. मी म्हटलं, "बरं. दोर आता दुसरीच्या हाती दे."

"डोरी मैं धरहूँ. पानी म तैं उतर."

मी उतरले. गाळ थंड होता आणि पाय खरंच निघत नव्हता. मी "तीर!" म्हटलं. तिनं लगेच ओढलं नाही. बाकीच्या हसल्या. "का कहे, दीदी? सुनई नइ दिस," ती म्हणाली, आणि मग ओढलं.

दोन उन्हाळे हे काम चाललं. पाणी मोकळं झालं तशी नालीची काळी धार कॉलनीतल्या बायांना त्यांच्या गच्चीवरून दिसू लागली. त्यांनाच लाज वाटली. त्यांनी आपल्या माणसांच्या मागे लागून नाली वळवून घेतली. जलकुंभी अजून येते, पण कमी. ती आम्ही उपटतो.

दोर सुटला त्या रविवारी तलावावर असलेल्या पाचही जणी आज जिवंत आहेत.