शुगरच्या झाडाचं नाव

शेजारच्या काकू मूळच्या वर्ध्याकडच्या. बाबांना शुगर आहे म्हणून त्यांनी कुंडीत एक फांदी लावून दिली आणि सांगितलं, "शुगरचं झाड आहे जी. रोज सकाळी दोन पानं चावून खायची. आमच्याकडे सारेच खातात." सारेच खातात म्हटल्यावर चौकशी संपली. बिबवेवाडीतल्या आमच्या गॅलरीत बाबा त्या दिवसापासून चरायला लागले.

मी तेव्हा नुकतीच एका आयटी कंपनीत लागले होते आणि घरी इंटरनेट घेतलं होतं. जगातलं सगळं आपल्याला सापडतं, असा माझा समज होता. बाबांना म्हटलं, "हे नेमकं काय आहे, खायचं की नाही, ते मी शोधते. उद्या सांगते."

उद्या कसलं! शुगरचं झाड म्हणून शोधलं तर ऊस आला. मग चार साइटवर चार वेगळी पानं, आणि मजकूर मात्र एकमेकांचा, चुकांसकट उचललेला. शेवटी परदेशातल्या एका विद्यापीठाचा डेटाबेस मिळाला. जाणत्या माणसांनी केलेला, चोख. त्यात पहिलाच प्रश्न: वनस्पतीचं लॅटिन नाव? अहो, ते माहीत असतं तर मी तुमच्या दारात कशाला आले असते?

लक्षणांवरून ओळखायचीही सोय होती. पानं समोरासमोर की एकाआड एक? पाहून सांगितलं. कडेला दाते किती? दोनदा मोजले. मग त्याने फूल मागितलं. फूल नाही म्हटलं की गाडी अडली. आणि फूल येणार कुठून? कोवळा शेंडा फुटला रे फुटला की बाबा तो खाऊन टाकत.

"एक फांदी तरी सोडा हो," मी वैतागून म्हणाले. "फुलाशिवाय नाव कळायचं नाही."

"सोडतो. तू शोध."

बाबांची नोकरी कारखान्यात माल तपासण्याच्या खात्यात झालेली. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही, हा त्यांचा तिथला नियम. घरात आमटीचा मसाला बदलला तरी तो ऐकवत. रोज संध्याकाळी ते विचारायचे, "सापडलं का?" मी स्क्रीनवरून मान न वळवता म्हणायचे, "उद्या."

सोडलेल्या फांदीला कळी धरली त्याच आठवड्यात बाबा स्वारगेटच्या स्टँडवर चक्कर येऊन पडले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या वेळेवर घेताय ना?"

"बंद ठेवल्यात," बाबा शांतपणे म्हणाले. "पान आणि गोळी एकदम घेतलं तर गुण कशाचा, ते कसं कळणार?"

घरात गोळ्यांचं पाकीट पाण्याच्या तांब्याशेजारीच असायचं. मी ते एकदाही उचलून पाहिलं नव्हतं.

"अहो बाबा, मला विचारायचं तरी!" मी ओरडलेच.

"रोज विचारत होतो की. तू म्हणायचीस, उद्या."