साखरपुड्यात उघडला क्रॅकर्सचा डबा

मैत्रिणींनो, अजून डोकं तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

आज शिरगावात दिराचा साखरपुडा होता. नाश्त्याला समोसे आले. मला गहू अजिबात चालत नाही, म्हणून मी पर्समधून माझा डबा काढला. ग्लूटेन-फ्री क्रॅकर्स. तांदूळ, नाचणी आणि भरपूर तीळ. कालच घरी भाजलेले, एकदम कुरकुरीत!

शेजारी चुलत सासूबाई बसल्या होत्या. लगेच म्हणाल्या, "कार्यात कोणी स्वतःचा डबा काढतं का गं? एका समोशानं काय होतंय? नुसते नखरे!"

तेवढ्यात त्यांच्या मिस्टरांसाठी बिनसाखरेचा चहा वेगळा करून आला. त्यांना शुगर आहे ना! काकींनी स्वतः घोट घेऊन खात्री केली आणि मगच कप त्यांच्या हातात दिला.

मी म्हटलं, "काकी, एक चमचा साखरेनं काय होतंय? घालू का काकांच्या चहात?"

त्यांनी झटकन कपावर हात धरला. काकांना मात्र हसू आवरेना.

मी तिथेच, सगळ्यांसमोर, आख्खा डबा संपवला. लग्नाला याहून मोठा नेणार आहे.

तुमच्याकडेही असंच आहे का हो? सासऱ्यांनी पाळलं की पथ्य, आणि सुनेनं पाळलं की नखरे?