अक्काच्या उजव्या डोळ्याचं पाणी

भूत, करणी, नजर यातलं मी काहीच मानत नाही. आमच्या घराण्यात सगळे मेंढरांमागं फिरलेले, बी.एस्सी. झालेला मी पहिला, आणि त्याचा मला अभिमान आहे. तरी हे लिहितोय… कारण इथं माझं शिक्षण कामी आलं नाही, उलट नडलं.

अक्का माझी थोरली बहीण. तापावरच्या एका गोळीची तिला भयंकर रिअॅक्शन आली. अंगाची सालटी निघाली, नंतर भरली. पण डोळ्यांतलं पाणी कायमचं आटलं. डावा डोळा गेलाच. फर्दापूरच्या सासरच्यांनी तिला आमच्याकडं पुंडलिकनगरला आणून सोडलं आणि तिची सहा वर्षांची चिऊ ठेवून घेतली. आंधळीच्या हाताखाली पोरगी कशाला, म्हणाले.

उजव्या डोळ्यासाठी डॉक्टर मॅडमनी आधी अश्रू वाहून जायची बारीक भोकं जाळून बंद केली. भागलं नाही. मग दोनच मार्ग उरले – पापण्या अर्ध्या शिवून टाकायच्या, किंवा ओठाच्या आतल्या लाळेच्या बारक्या ग्रंथी काढून पापणीच्या आत बसवायच्या.

अक्का म्हणाली, "शिवू नका. चिऊ आली तर दिसली पाहिजे."

ग्रंथी बसवल्या. जेवताना डोळा भरून येईल, घाबरू नका, असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं. झालंही तसंच. भाकरीचा घास तोंडात गेला की डोळ्याला धार. माझ्या हातचं खाऊन रडती ही, असं आई चिडवायची आणि अक्का हसायची.

मग संकष्टी आली. अक्काचा कडक उपवास, तोंडात पाण्याशिवाय काही नाही. दुपारी साडेबाराला डोळा वाहायला लागला. दहा मिनिटांनी थांबला. दुसऱ्या दिवशीही तीच वेळ, तोंडात घास नसताना. तिसऱ्या दिवशीही.

"शाळेत खिचडी वाढली असंल," अक्का म्हणाली. "चिऊ जेवतीय."

मी तिला मेंदू, नसा, सवय असं बरंच काही समजावलं. तिनं ऐकून घेतलं. "व्हय रं शहाण्या. मग बघून ये."

गेलो. फर्दापूरला शाळेच्या कुंपणाबाहेर उभा राहिलो, फोन कानाला. इकडं घरी आई अक्कासमोर बसलेली. मी काहीच बोलत नव्हतो. चिऊनं पहिला घास घेतला – आई म्हणाली, "आलं." चिऊला ठसका लागला, ती ताट सोडून नळाकडं गेली. "थांबलं." परत येऊन बसली… "आलं बघ."

तिथून मी सरळ अक्काच्या सासरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. कॉलेजात प्रॅक्टिकल समजावून द्यावं तसं, वेळांसकट. वाटलं, ऐकून दगडालाही पाझर फुटेल, एकदा तरी पोरीला भेटवतील.

दाजी खाली मान घालून बसले. त्यांची आई उठली आणि तिनं चिऊला पाठीमागं घेतलं. "म्हंजी पोरीच्या तोंडचं ही तिकडं वढून घेती. तरीच पोरगी वाळत चालली."

आठ दिवसांत चिऊचं नाव शाळेतून काढलं. घराला कुलूप, फोन बंद. कुणी सुरत म्हणतं, कुणी पुणं. पोलिसांनी विचारलं, बापाजवळच आहे ना पोरगी? त्याला आता वर्ष झालं. या वर्षात चिऊची खबर फक्त त्या डोळ्यानं दिली. कधी दुपारी तीनला धार, कधी दिवसातून एकदाच. "एवढ्या उशिरा जेवू घालत्यात का रं लेकराला?" अक्का मला विचारायची.

परवा सोमवार, अक्काचा उपवास. डोळा दिवसभर कोरडा. रात्रीही ती वाट बघत बसली, उपवास सोडलाच नाही. काल सकाळी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, या ग्रंथी कधीकधी वाळतात. बहिणीला जेवायला सांगा. धार आली तर समजा ग्रंथी चांगल्या आहेत.

फोन स्पीकरवर होता. अक्कानं ऐकलं.

हे असं कसं होतं, याचं उत्तर मी वर्षभर शोधलं. पण ग्रंथी चांगल्या निघाल्या, तर चिऊ तीन दिवस उपाशी का, याचं उत्तर मला नकोच आहे.

"वाळल्याच असतील," अक्का म्हणते. आज बुधवार, डोळा अजून कोरडाच. आई दर थोड्या वेळानं भाकरी पुढं करते. अक्का तोंड उघडत नाही… आणि मीही, खा म्हणत नाही.