साहेबांना बाहेर काढून मोजलेला ताण

कमलच्या दंडाला ब्लड प्रेशरचा पट्टा आवळलेला, आणि तिच्या पाठीमागे आमचे साहेब हाताची घडी घालून उभे. हे मला पहिल्यापासून खटकलं.

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या एका शुगर फॅक्टरीत आम्ही कम्प्युटरचं काम करायचो. पण कम्प्युटर होता पुण्याला, बरं का! मी प्रोग्रॅम कागदावर लिहायचे, कमल मशीनवर जाड कार्डांना भोकं पाडून तो उतरवायची, आणि गठ्ठा एसटीनं पुण्याला जायचा. परत यायचा तो बहुतेकदा 'एरर' घेऊनच. एक भोक चुकलं की सगळं काम अडलं. मग ताण नसेल तर काय?

आम्हा सगळ्यांचा तो मोजायला पुण्याचे एक प्राध्यापक आले होते. साहेबांनीच बोलावलेले, म्हणून तर मला शंका. कमल पाथर्डीकडची, अजून टेम्पररी. ती कायम झाली तर तिच्या आईबापांची ऊसतोड सुटणार होती.

"अक्का, आकडा जास्ती आला तर घरी बसवत्याल का मला?" तिनं सकाळीच विचारलं होतं.

आकडा जास्तच आला. साहेब लगेच म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो? या मुलीला काम झेपत नाही."

म्हणजे निकाल आधीच ठरलेला!

मी प्राध्यापकांना म्हटलं, "सर, आमचा प्रोग्रॅम अडला ना, की ज्या कार्डाचा संशय येतो ते काढून गठ्ठा पुन्हा चालवतात. इथंही एक काढून बघा."

"कुठलं?"

"साहेबांना."

"बाई, चेष्टा करताय?" साहेब लालबुंद.

प्राध्यापकांना मात्र गंमत वाटली असावी. त्यांनी साहेबांना चहाला पाठवलं, जरा थांबून पुन्हा मोजलं. आकडा उतरला. पुरता नाही, पण उतरला.

"अजून थोडा आहे की," ते म्हणाले.

"आता तुमीच राह्यलात, सर," कमल म्हणाली.

आम्ही हसलो, तेही हसले. हसता हसताच मी विचारून घेतलं, "हे आकडे जाणार कुणाकडं?"

ते म्हणाले, "साहेबांकडे. पण आता नावं काढून देतो."

खरंच काढली का, देव जाणे. अहवाल आम्हाला कुणी दाखवला नाही. कमल कायम झाली, आणि पुढच्या हंगामाला तिचे आईबाप कोयता घेऊन निघाले नाहीत. मी एवढं शिकले: आपली काळजी करायला कुणी यंत्र घेऊन आलं, तर दंड पुढे करण्याआधी विचारावं, तुम्हाला पाठवलं कुणी?